ग्रुपवरचा वाघ

तेच भाषण तिसऱ्या वर्षी देताना माझा आवाज माझा मलाच नकोसा वाटत होता. बपेऱ्याकडच्या जंगलालगतच्या गावांमधल्या शाळांत मी आणि माझे दोन-तीन मित्र फिरतो. मोबाइल कसा वापरावा, खोटं कसं ओळखावं, हे पोरांना सांगतो. पोरं टाळ्या वाजवतात आणि घरी जाऊन पुन्हा रील बघत बसतात. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय!

त्या दिवशी उदाहरण मात्र गावानंच पुरवलं. गावच्या ग्रुपवर एक व्हिडिओ फिरत होता, तळ्याच्या पाळीवर ऐटीत बसलेल्या वाघाचा. तो मी नववीच्या वर्गात दाखवला. एका शेपटीच्या मध्येच दोन होत होत्या, आणि मागचे डोंगर तर आपल्याकडचे नव्हतेच. हे कॉम्प्युटरनं बनवलेलं आहे म्हटल्यावर पोरं खो खो हसली.

मागच्या बाकावरून गुड्डीनं विचारलं, "म्हणजे वाघ नाही ना, मॅडम?"

दुपारची एसटी चुकेल या घाईत मी म्हणाले, "नाही गं, खोटा आहे."

फाट्यावर येऊन बसते न बसते तोच गुड्डी आईला, रंभाबाईंना, घेऊन आली. व्हिडिओ आल्यापासून रंभाबाई मोह वेचायला जंगलात गेल्या नव्हत्या. मोह काही कोणासाठी थांबत नाही. पहाटे पडलेली फुलं उन्हं चढेपर्यंत उचलली नाहीत तर जनावरं खातात, आणि हंगाम तो केवढासा.

"पोट्टी म्हणते, वाघ खोटा आहे म्हणून तुम्ही सांगतलं. मी उद्या पहाटेस जाऊ ना मंग?"

हो म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. मी व्हिडिओ तपासला होता, जंगल नव्हे.

"काकू, व्हिडिओ खोटा आहे. जंगलात वाघ आहे का नाही, ते मले नाही माहीत."

"मंग शाळेत शिकवलं काय?"

मला रागच आला. गुड्डीनं मात्र शिकवलेलं केलं. व्हिडिओ ग्रुपवर पहिल्यांदा कोणी टाकला ते शोधलं. टाकणारा तिचाच काका निघाला. कवडूकाका गावची ढोरं चारतात, आणि तेव्हा रस्त्यापलीकडेच सावलीत बसले होते. तिनं त्यांना हाक मारून आणलं.

"काका, वाघ तुमी सोताच्या डोळ्यानं पाहिला का?"

"वाघ नाही पाहिला. पाय पाहिले, जंगलातल्या नाल्याच्या चिखलात." त्यांनी मोबाइल काढून फोटो दाखवला. चिखलात ठसे, एकेक माझ्या पंजाएवढा. "पहिले हाच टाकला होता. कोणी पाहेच ना. एकानं तं कुत्र्याचे पाय म्हणून चेष्टा केली. बाया जंगलात जाऊनच राहिल्या. मंग कोणीतरी हा व्हिडिओ पाठवला होता, तो टाकला. सारे गप घरी बसले."

"पण काका, खोटं कायले टाकाचं?" मी म्हणाले.

"खऱ्यानं थांबल्या असत्या तं टाकलं असतं का?"

मी तो फोटो ओळखीच्या वनरक्षकाला पाठवला. त्याचा लगेच फोन आला. ठसे वाघाचेच होते. नाल्याकडे कोणीही जाऊ नये, तो माणसं घेऊन संध्याकाळपर्यंत पोचतो.

रंभाबाई खाली बसल्या. "खोट्यानं घरी बसवलं, आता खरा बसवते. मोह तं गेलाच ना."

"गेला, काकू." मी म्हणाले. त्या समोर जिवंत बसल्या होत्या, एवढंच मला पुरे होतं.

एसटी येताना दिसली. मी बॅग उचलली तशी गुड्डीनं माझा हात धरला. तिचे डोळे भरले होते.

"मॅडम, आमच्या वर्गातले सारे पोट्टे घरी जाऊन सांगून राहिले, वाघ नाही म्हणून. त्याईच्या मायबाया उद्या पहाटेस मोह वेचाले निघतीन."

एसटी येऊन उभी राहिली. कंडक्टरनं विचारलं, "येता का, मॅडम?" मी मानेनंच नाही म्हटलं आणि गुड्डीला विचारलं, "पहिलं घर कोणाचं?"