जमनाबाईच्या घुगऱ्या

शिबिराच्या बाकावर भीमसिंग बायकोच्या शेजारी बसला होता आणि अजून तरी गप्प होता. त्याच्याबद्दल बरं बोलावं असं एवढंच होतं.

जमनाबाईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. गेल्या वर्षी दारव्ह्याच्या याच शिबिरात तिला पार ऑपरेशनच्या दारापर्यंत नेलं होतं. कानशिलाजवळ केसांत गुंफलेल्या चांदीच्या घुगऱ्या काढा, नाहीतर डोळ्यावरचं कापड नीट बसणार नाही, असं सिस्टरनं सांगितलं. बंजारा तांड्यातली बाई घुगऱ्या उतरवते ती नवरा गेल्यावरच. भीमसिंगनं तिथंच तमाशा केला आणि बायकोला काळीपिवळीत कोंबून घरी आणलं. तेव्हापासून ती भिंती चाचपत हिंडत होती. चुलीवर हात भाजला, तेव्हा हा महाराज म्हणाला, जपून करत जा.

यंदा त्याला नवं हत्यार मिळालं होतं. नात रंजिता जर्मनीत नर्स आहे. तिकडे ऑपरेशनच्या तारखेसाठी महिनोन्‌महिने थांबावं लागतं, पण म्हातारीची लग्नाची अंगठी निघत नसेल तर काढायला लावत नाहीत, वरून पट्टी चिकटवतात, असं तिनं फोनवर सहज सांगितलं. अंगठी बोटात असते आणि घुगऱ्या डोळ्यापाशी, हे तिचं पुढचं वाक्य भीमसिंगनं ऐकलंच नाही. त्याला ऐकायचंच नव्हतं.

सिस्टर आली आणि गेल्या वर्षीसारखंच म्हणाली, घुगऱ्या काढा. भीमसिंगनं लगेच जर्मनी काढली. सिस्टरचं डोकं आधीच तापलेलं, बसभरून आणलेली माणसं व्हरांड्यात मावत नव्हती. तिकडे एका पेशंटमागे चार जणी असतील, इथं मी एकटी आहे. काढायच्या नसतील तर उठा, असं तिनं तोंडावर सांगितलं. डॉक्टरांनी तर सकाळीच बजावलं होतं, आणखी थांबलात तर डोळ्याचा दाब वाढेल, मग ऑपरेशन करूनही दिसणार नाही.

भीमसिंग उठला. गेल्या वर्षीसारखाच त्यानं बायकोचा दंड धरला. जमनाबाईच्या अंगाचा असा भडका उडाला की तिनं त्याची बोटं एकेक करून सोडवली. मग तिनं कैची मागितली. सिस्टरनं हातात दिली, आणि म्हातारीनं चाचपत, केसांसकट, दोन्ही घुगऱ्या कापल्या.

व्हरांड्यातल्या तांड्याच्या बायांनी तोंडाला पदर लावले.

"मी जिता हावो ना अजून," भीमसिंग म्हणाला.

जमनाबाईनं आवाजाच्या दिशेनं हात पुढे केला. घुगऱ्या त्याच्या छातीला लागल्या.

"तुमी जिते हाय का मेले, मले दिसते कुठं?"

त्यानं त्या घेतल्या नाहीत. तिनं मूठ उघडली, त्या फरशीवर पडू दिल्या आणि सिस्टरच्या हाताला धरून ती आत गेली.