बिरवाडीची हवा आणि नाथूचा राब

बिरवाडीची हवा सुधारली, याबद्दल सईदच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. कारण त्याची मुलगी नबीला आडवी होऊन झोपू लागली होती. आधीची दोन वर्षं ही आठ वर्षांची पोर उशीला टेकून बसल्या बसल्याच झोपायची, आणि जवळच्या कारखान्याच्या आवारात कचरा पेटला की त्याची बायको शरिफा खिडक्यांना ओल्या चादरी लावत सुटायची. शेवटी सईदने गावभर फिरून सह्या गोळा केल्या, अर्ज केला, हेलपाटे घातले, आणि २००२ च्या जानेवारीत हुकूम आला: आवारात काही जाळायचं नाही. पंचायतीच्या गच्चीवर हवा मोजायचं मशीन बसलं, त्यातले धुराचे आकडे उतरले. गावाने शाल-नारळ देऊन सईदचा सत्कार केला. त्यानेही तो छाती फुगवून करून घेतला.

आता हुकूम निघाला म्हणून कचरा थोडाच थांबतो? गाळणीची फडकी, चिकट पिशव्या, वाळलेला पिवळा गाळ. ते न्यायला गाडी हवी होती, आणि सईदचा ट्रक दारात रिकामा.

"टाकायचं कुठे, साहेब?"

"आवाराबाहेर," कारखान्याचा मॅनेजर म्हणाला आणि फोनकडे वळला. कुणी इतकं सुटसुटीत उत्तर दिलं की माणसाने आणखी चार प्रश्न विचारावेत. सईदने एकही विचारला नाही.

डोंगरातल्या कापडे गावाच्या वरच्या वाडीतला नाथू त्याच्या वडिलांपासूनचा ओळखीचा. ईदचा बोकड दरवर्षी नाथूकडचाच. त्या मार्चमध्ये नाथू राबाच्या काळजीत होता. भाताची रोपं करायची तो तुकडा आधी शेण, पाला, फांद्या पसरून भाजायचा, त्याला राब म्हणतात. आणि त्या साली वनखात्याच्या धाकाने जंगलातल्या फांद्यांना हात लावायची सोय उरली नव्हती. सईदने नेलेल्या गोणीतलं एक फडकं नाथूने पेटवून पाहिलं.

"आयला, रॉकेलवानी पेटतंय! सईदभाई, देवासारका आलास रे."

सईदचाही जीव भांड्यात पडला. बिरवाडी मोकळी, नाथूचा राब झकास. परतीच्या वाटेवर तो शीळ घालत होता, हेही सांगून टाकायला हवं. मग नाथूचं बघून वाडीतल्या बाकीच्यांनीही गोणी मागितल्या. सहा खेपा झाल्या.

एप्रिलमध्ये एका दुपारी नाथू एसटीने थेट बिरवाडीला आला. सोबत बायको, चंद्राबाई. ती ओटीवर बसली ती छातीला हात लावूनच.

"चैत लागल्यापास्नं हिला दम लागतोय," नाथू म्हणाला. "डाक्टर म्हनला, हवा बदला. म्हनलं बिरवाडीची हवा आता एक नंबर, मशीनच सांगतंय. आठ दिस ठिवू का हिला तुज्याकडं?"

बिरवाडीत हवापालट करायला? डोंगरावरून?

शरिफाने चंद्राबाईच्या पाठीवर हात ठेवला आणि शरिफाचाच चेहरा उतरला. ती घरघर नबीलामुळे तिच्या तळहाताला पाठ होती.

"वैनी, तुमच्याकडे काय जाळता हल्ली?"

"राब... या भाईच्याच गोनी," चंद्राबाई थांबत थांबत म्हणाली. "धूर पिवळा येतो गो."

शरिफाने नवऱ्याकडे पाहिलं. सईदचं डोकं चालेना. हुकूम त्याने पाळला होता. आकडे उतरले होते. पोर झोपत होती. यातलं काही खोटं नव्हतं. मग ही बाई त्याच्या ओटीवर धापा का टाकत होती?

"नाथूदा," तो कसाबसा म्हणाला, "जे इथे जळायचं ना, तेच आहे ते गोणीत."

नाथूने शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तो एवढंच म्हणाला:

"मंग बंद कर की खेपा."

"बंद केल्या तर कारखानेवाले ते परत इथेच पेटवतील. चोरून."

"मंग नेनार कुठं?"

सईद कशेडी घाटापलीकडचं बोलायला गेला. तिथेही घाटाखाली वाडी होती. खाली ओढ्यात म्हणावं, तर ते पाणी लोक भरत होते. आयुष्यभर गाडी चालवून त्याला सगळे रस्ते ठाऊक होते, आणि प्रत्येक रस्त्यावर त्याने कुणाच्या तरी घरचं पाणी प्यायलं होतं.

"इथं नकोत," शरिफा म्हणाली.

"आमच्याकडं बी... नकोत," चंद्राबाई म्हणाली.

दोघींचंही बरोबर होतं. सईदला रडू यायला लागलं, आणि नेमकं कशाचं ते त्याला सांगता आलं नसतं. सातव्या खेपेच्या गोणी त्याने सकाळीच भरून आणल्या होत्या. ट्रक अंगणात उभा होता, ताडपत्री उन्हाने तापून गोणींचा उग्र वास सुटला होता आणि ट्रकच्या सावलीत नबीला एकटीच सागरगोटे खेळत होती.

ती खोकली. ओटीवरच्या चौघांनी एकदम तिकडे पाहिलं. ती पुन्हा खोकली.