चौदावी ओळ

तिने पट्टी पानाच्या शेंड्याला लावली आणि वाळलेला पिवळा डाग जिथे संपत होता तिथे नख टेकवलं. आकडा सांगायचा मात्र राहूनच गेला.

"बोला ताई. पेन्सिल गंजायला लागली माझी," मागून मुकादम म्हणाले.

"अकरा."

"एक आणि वर काही दशांश का?"

"नाही काका. अकरा सेंटिमीटर."

वहीवरचा हात थांबला. "दुसरं पान बघा. एखादं असतं नाठाळ."

दुसरं तेरा निघालं. तिसरं बारा. पुढच्या रोपाचं पहिलंच पान अर्ध्याहून अधिक वाळून सुरळी झालं होतं. त्याला पट्टी लावायची गरज नव्हती, तरी तिने लावली.

चौदा दिवसांपूर्वी दोघांनी मिळून भाताच्या या सगळ्या ओळींना मुद्दाम करपा लावला होता. रोगाच्या जंतूंच्या दुधाळ पाण्यात कात्री बुडवायची आणि पानांचे शेंडे छाटत जायचं. रोपात रोगाला अडवणारा जीन असला तर पान बोटभर वाळतं आणि तिथेच थांबतं. चौदाव्या ओळीचं पान बोटभरच वाळायला हवं होतं. ती ओळ म्हणजे भात संशोधन केंद्राची सहा वर्षांची मेहनत होती. तिचंच बी गोदामात गोण्या शिवून तयार होतं आणि शुक्रवारी ट्रकने चाळीस गावांत पेरणीला जाणार होतं.

दुपारी मोठ्या सरांनी वही पुढून मागे आणि मागून पुढे चाळली.

"सतराव्या ओळीत काय आहे?"

"दोन. दीड. दोन," ती म्हणाली.

"मग झालं तर. चौदा आणि सतराच्या पाट्यांची अदलाबदल झालीय. दोन्ही एकाच आईची लेकरं, नुसत्या रोपावरून कुणाला ओळखता येणार नाहीत." सर दाराशी उभ्या असलेल्या मुकादमांकडे वळले. "काय मुकादम, जप करताना मणी सुटला वाटतं."

मुकादमांची एक पद्धत होती. कुठल्याही ओळीत वाकण्याआधी ते लाकडी पाटीवर तळहात ठेवायचे आणि तिचा आकडा दोनदा मोठ्याने म्हणायचे. पेरताना, लावणीला, कापणीलाही. नवीन आलेली माणसं त्याला जप म्हणून हसायची, आणि वर्षभराने स्वतःच पुटपुटायला लागायची.

"असं कधी झालं नाही, साहेब."

"अठ्ठावीस वर्षांत एकदा झालं म्हणून कुणी सुळावर चढवत नाही. चूक झाली म्हणून सवडीनं लिहून द्या, फाईल पुरी होईल. गोण्यांतलं बी गेल्या वर्षीचं आहे. पाट्या यंदाच्या चुकल्यात, त्याला काय धाड भरलीय?"

मुकादमांनी एकदा तिच्याकडे पाहिलं. आकडे तिच्यासमोर मोजलेले होते, काहीतरी बोलेल असं त्यांना वाटलं असावं. ती टेबलाच्या काचेखालचं जुनं वेळापत्रक वाचत होती.

तिच्या डोळ्यांपुढे दुसरीच वही होती, तीन वर्षांपूर्वीची. जीन काही डोळ्यांना दिसत नाही. त्याच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक अशा दोन खुणा असतात, मार्कर म्हणतात त्यांना. दोन्ही सापडल्या तर मधला जीन आलाच समजायचा. एकच सापडली तर गुणसूत्राचा धागा मध्येच तुटून जीन मागे राहिलेला असू शकतो. म्हणून दोन्ही तपासायच्या, हा नियम. त्या वर्षी दोनशे रोपांची पहिली खूण तपासून झाली आणि भावाचा फोन आला, आईला अतिदक्षता विभागात हलवलंय. दुसऱ्या खुणेला आणखी दीड दिवस लागला असता, आणि लावणीची तारीख दाराशी येऊन ठेपली होती. आधीची दोन वर्षं दोन्ही खुणा एकदाही वेगळ्या आल्या नव्हत्या. तिने दुसरा रकाना पहिल्यावर बघून भरला, अधिकच्या शेजारी अधिक, वजाच्या शेजारी वजा, आणि शेवटची बस गाठली. तीन दिवस आईचा हात तिच्या हातात होता. तिसऱ्या दिवशी तो थंड झाला.

गोदामातला दाणा न् दाणा त्या दोनशेंतून निवडलेल्या एकाच रोपाचा वंश होता.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, सगळे जेवायला गेल्यावर तिने फ्रीझरमधून त्या रोपाचा जुना नमुना काढला. चार तासांनी जेलच्या पारदर्शक थरावर खुणांच्या पट्ट्या उमटल्या. पहिली खूण जागेवर होती. दुसरी पट्टी दोन रेघा खाली उतरली होती, करप्याला बळी पडणाऱ्या जुन्या वाणाची पट्टी जिथे येते, अगदी तिथे. तिने दिवा बंद केला, पुन्हा लावला, पुन्हा पाहिलं. फोटो छापून पर्समध्ये ठेवला आणि घरी जाऊन देवासमोर निरांजन लावलं, तेव्हा काडी तीनदा विझली.

सांगायचं तर होतंच. पण सांगितलं की ते तीन दिवस चूक ठरणार होते. आजवर ज्यांच्या आधारावर ती उभी होती तेच तीन दिवस कुणाच्या तरी अहवालात निष्काळजीपणा म्हणून लिहिले जाणार होते. उद्या सांगू, असं ती बुधवारी म्हणाली. गुरुवारीही तेच म्हणाली.

खिडकीतून मुकादम दिसायचे. शेताचा नकाशा गुडघ्यावर पसरून ते एकेका पाटीपाशी उकिडवे बसत, बोटाने आकडा गिरवत, पुढे सरकत, आणि चार पावलं जाऊन परत मागे येत. बुधवारी त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. इतक्या वर्षांत त्यांनी रजा मागितलेली कुणाला आठवत नव्हती.

गुरुवारी दोघं नळावर डबा धुवायला एकत्र आले.

"डोळे तपासून आलो काल," ते म्हणाले. "डॉक्टर म्हणतो, आजोबा, नजर तरण्यासारखी आहे, सुईत दोरा ओवाल."

"चांगलं झालं की."

"कसलं चांगलं? चष्मा लागला असता तर बरं होतं. चष्मा मिळतो बाजारात." त्यांनी डबा उपडा करून झटकला. "डोळे चांगले असून पाटी चुकते, म्हणजे मग वरचा मजलाच रिकामा व्हायला लागला."

ते स्वतःच हसले. तिने धुतलेला डबा पुन्हा धुतला.

शुक्रवारी सकाळी ट्रक फाटकातून उलटा आत आला. मागच्या फळीची साखळी खणखणली, आणि ती उठून सरांच्या खोलीत गेली. फोटो टेबलावर ठेवून तिने चार वाक्यांत सांगितलं. पाचवं वाक्य आईबद्दलचं होतं. ते तिने गिळलं.

सर फोटोवर वाकले. मग त्यांनी फोन उचलला. "गाडी थांबवा. भरलं असेल तेवढं खाली घ्या." फोन ठेवला आणि कपाळ चोळलं. "सतराव्या ओळीचं बी मूठभर आहे. म्हणजे आणखी तीन वर्षं. त्या चाळीस गावांना यंदा काय सांगायचं?"

तिने पर्सची चेन ओढून बंद केली.

"मी आलो होतो तुमच्या आईला बघायला," सर हळू आवाजात म्हणाले. "विचारायला हवं होतं तेव्हाच, काम पुरं करून आलात का म्हणून. नाही विचारवलं." त्यांनी फोटो तिच्याकडे सरकवला. "रीतसर लिहून द्या सगळं. आणि मुकादमांना तुम्हीच सांगा."

एवढं एक तरी चांगलं काम आपल्या हातून होणार, असं जिना उतरताना तिला वाटलं. पायऱ्या तिने भराभर उतरल्या.

मुकादम ट्रकपाशी एकटेच होते. अर्धी गाडी भरली होती, आणि गोण्या परत खाली का घ्यायच्या हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

"काका, पाट्या बरोबर होत्या," ती म्हणाली. "चौदाला चौदाच होती. चूक माझ्याकडून झाली, तीन वर्षांपूर्वी, तपासणीत. तुमच्याकडून काहीच नाही. हे बघा."

त्यांनी हात विजारीला पुसून फोटो घेतला आणि उजेडाकडे धरला. पट्ट्यांमधलं त्यांना काही कळत नव्हतं. त्यांचा अंगठा हळूहळू खाली सरकत कोपऱ्यावर जाऊन थांबला. तिथे यंत्राने तारीख छापली होती.

"हे मंगळवारचं आहे."

"हो."

"मी लिहून दिलं बुधवारी."

फोटोसाठी पुढे केलेला हात तिने मागे घेतला.

"डॉक्टरकडून थेट घरी गेलो," ते सावकाश म्हणाले, रोजचं काम सांगावं तसे. "बायकोला म्हटलं, कपाटाच्या चाव्या, घराचे कागद, आजपासून सगळं तू सांभाळ. माझा भरवसा नाही. ती काही बोलली नाही. चाव्या घेतल्या अन् कमरेला खोचल्या."

"काका, मी..."

"जपून ठेवा." त्यांनी फोटो परत दिला. "फाईलला लागेल."

ते फळीवर पाय देऊन वर चढले, पहिल्या गोणीचे कान धरले आणि ती काठापर्यंत ओढत आणली. खालून तिने दोन्ही हात वर केले. गोणी तिच्या हातांपासून वीतभर अंतरावर येऊन थांबली.

मुकादमांनी तिच्या डोक्यावरून पलीकडे पाहिलं.

"ओ ड्रायव्हरसाहेब," त्यांनी हाक मारली, "जरा हात लावता का इकडे? खाली कुणी नाही."