माऊनची मावशी

गोबाओनेने मावशीला मारलं ते सोमवारी सकाळी, फोनवर, पांघरुणातून तोंडही बाहेर न काढता.

दुसरा इलाजच नव्हता. गाबोरोन या राजधानीतल्या एका विमा कंपनीत ती दिवसभर फोनवर अनोळखी लोकांच्या शिव्या ऐकायची आणि गोड आवाजात उत्तरं द्यायची. हल्ली फोन वाजला की छातीत धडधडायचं, सकाळी अंघोळीला उठणंसुद्धा जिवावर यायचं. साहेबांना तिने एकदा सांगून पाहिलं. त्यांनी भरपूर पाणी प्यायला सांगितलं, वर नोकरीविना फिरणारी पोरं खिडकीतून दाखवली. ऑफिसच्या भिंतीवर 'मन जपा' असं रंगीत पोस्टर होतं, पण मनासाठी रजा नव्हती. मयतासाठी होती, आणि त्या रजेला कोणी नाही म्हणत नसे. मुळात नसलेल्या या मावशीला गोबाओनेने मुद्दाम दूर, माऊन गावी ठेवलं होतं, म्हणजे मयताच्या घरच्या प्रार्थनेला इथून कोणी पोचायला नको.

लोकांची माणुसकी मात्र ती हिशेबात धरायला विसरली. मावशी लांबच्या गावची म्हणून पोरीला एकटं सोडायचं का, असं म्हणत संध्याकाळी अख्खं ऑफिस व्हॅन करून तिच्या भाड्याच्या खोलीवर आलं. सोबत चहाची किटली आणि टोपलीभर गरम मागविन्या, तळलेले पिठाचे गोळे.

खोटं उघडं पडलं तर नोकरी गेलीच. पण खोलीत पलंग नव्हता. जमिनीवर गादी, विस्कटलेले केस, खांद्यावर घोंगडी. दुखवट्यातल्या बाईने बसावं, तंतोतंत तशीच ती बसली होती. बायकांनी समाधानाने माना डोलावल्या आणि भजन धरलं.

तिच्या सुपरवायझर केबोनांगबाई गादीवर टेकल्या. त्यांना हसताना कधी कोणी पाहिलं नव्हतं. गाण्याच्या आडून त्यांनी हळूच विचारलं, "मावशीचं नाव काय गं?"

गोबाओनेला एकही नाव सुचेना.

"असू दे. माझ्या मावशीलाही नाव नव्हतं. दोनदा गेली बिचारी." बाईंनी तिचं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं. "रड आता. आज तुला कारण कोणी विचारणार नाही."

गोबाओने रडली. कित्येक महिने आत साचलेलं सगळं, हंबरडा फोडून रडली. तिला फार बरं वाटलं.

परतताना व्हॅनमध्ये साहेबांनी डोळे पुसले. पोरीचा मावशीवर भारीच जीव होता म्हणाले. आणि कोणीतरी तिला भरपूर पाणी प्यायला सांगा.