सून या शब्दाचं मूळ

“काय पुटपुटतेस गो?” सुपातले तांदूळ निवडता निवडता जनीने सुनेला विचारलं.

“स्नुखा,” भावना म्हणाली. “रशियन, बल्गेरियन लोकांचे पूर्वज दीडेक हजार वर्षांमागं सुनेला असं म्हनायचे, आई. हाक मारताना स्नुखो. उद्या कॉलेजात ह्यावरच बोलायचंय.”

“कुठं लिवलेला गावला?”

“कुठंच नाय. आजच्या शब्दांवरनं मागं जात जात जुळवलाय. आपला ‘सून’ शब्द पन त्याच घरातला. संस्कृतात स्नुषा.”

जनीचा मुलगा हितेश कसाऱ्याजवळ महामार्गावर अपघातात गेला, त्याला दोन वर्षं होत आली होती. लग्नामुळे सुटलेलं भावनाचं शिक्षण त्यानंतर जनीनेच पुन्हा सुरू करायला लावलं. किन्हवलीचं शेत जनी एकटी बघू लागली.

आज भावनाचा भाऊ विपुल मुरबाडहून आला होता. चहाची कपबशी खाली ठेवत तो म्हणाला, “मावशी, परीक्षा झाली का हिला कायमची घरी नेतो. तुमी तरी किती दिवस करनार? लेकच नाय, तर सून कसली?”

जनीचा हात सुपात थांबला. तिने भावनाकडे पाहिलं.

“तुज्या त्या शब्दात लेक हाय का गो?”

“काही पंडित म्हनतात, हाय. संस्कृतात सूनु म्हंजे लेक, लेकाची म्हनून सून. पन बऱ्याच जनांना ते पटत नाय. मूळ अजून नक्की कळलेलं नाय.”

“मंग लेकाबिगर पन आसंल सून.” जनी विपुलकडे वळली. “तिला इचार. जायाचा आसंल तर जाऊंदे, दुसरा लगीन करूंदे. मी आडवायची नाय. पन ‘कसली’ म्हनू नको.”

विपुलने बहिणीला विचारलं, “येतेस?”

“दादा, मला नाय यायचं,” भावना म्हणाली. “उपकार फेडायला नाय रे. मला हितं बरं वाटतं.”

विपुल रात्री तिथेच राहिला. सकाळी त्यानेच तिला मोटरसायकलवरून शहापूरच्या कॉलेजात सोडलं. भावना न अडखळता बोलली. शब्दाचं मूळ अजून वादात आहे, हेही तिने सांगितलं. शेवटी आभार मानताना तिने आधी मार्गदर्शक बाईंचं नाव घेतलं, मग सासूचं.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा दिवसभर भात कापून दमलेली जनी ओटीवर खांबाला टेकून बसली होती. पायांवरचा चिखल वाळला होता.

“बोललीस नीट?”

“बोलले.”

भावनाने चुलीवर पाणी तापवलं आणि ती ते तांब्याने सासूच्या पायांवर ओतू लागली. जनीने आधी पाय आखडून घेतले. मग हळूच पुढे केले.