जांभळ्या उजेडातली पालवी

सभागृहाचे पडदे घट्ट ओढलेले होते आणि आत मुंगी शिरायला जागा नव्हती. मंचावर दोन ट्रे होते. आठवड्यापूर्वी सगळ्यांसमक्ष दोन्हींत एकाच पिशवीतले वाटाणे पेरलेले. साध्या दिव्याखालची रोपं बोटभर, किरणमहाराजांच्या जांभळ्या दिव्याखालची चांगली वीतभर.

"सूर्यसुद्धा संध्याकाळी थकतो. आमचा दिवा थकत नाही," महाराज म्हणाले. विजेचं बिल भरणारा थकतो, ते सांगायचं राहिलं. या उजेडातली पालवी खाल्ली की अंथरुणाला खिळलेला माणूस उठतो, मात्र गोळ्या बंद हव्यात, गोळ्यांनी किरण मरतात, असंही त्यांनी ऐकवलं.

विज्ञानाचे निवृत्त मास्तर तिथे आले होते ते स्वस्तातला दिवा शोधायला. घराच्या खिडकीसमोर भिंत, त्यामुळे बायकोच्या कुंड्या सुकत चाललेल्या. आणि बायको कित्येक महिने अंथरुणावर. महाराजांनी कुणी शिकलेलं आहे का विचारल्यावर ते उठले, वाकून पाहिलं आणि भर सभेत "वाढ खरी आहे" म्हणाले. दिव्यांवर उड्या पडल्या. शेजारच्या शिंपीणबाईंनीही आजारी सासऱ्यांसाठी एक घेतला.

घरी मास्तरांनी दिवा आणि त्याच्यासोबत मिळालेलं महाराजांच्या ट्रेमधलं एक रोप बायकोच्या उशाशी ठेवलं. ती बराच वेळ बघत राहिली.

"अहो, हा जांभळा बंद करा आणि नेहमीचा लावा बघू."

नेहमीच्या दिव्यात रोप पिवळंफट्ट निघालं, देठ दोऱ्यासारखा, मान टाकलेली.

"मुलांना दाखवायला दरवर्षी माझ्या कपाटात वाटाणे ठेवायचात," ती म्हणाली. "अंधारात ते असेच व्हायचे ना?"

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. अंधारातलं रोप उजेड शोधत भराभर उंच होतं, हा धडा त्यांनी आयुष्यभर शिकवला होता. महाराजांचा ट्रे आठवडाभर कपाटात, फक्त सभेपुरता दिव्याखाली. आणि जांभळ्या उजेडात पिवळं काय, हिरवं काय, खरा रंग कळतच नाही. बायकोनं चार टोमणे मारले असते तरी बरं वाटलं असतं.

पुढच्या सभेत त्यांनी कुणाला न विचारता पडदे बाजूला सारले. बुटकी रोपं हिरवीगार दिसली, महाराजांची पिवळी. अविश्वासाची नजर लागली, असं पुटपुटत महाराज मागच्या दाराकडे सरकले. मास्तरांनी खाली मान घालून सगळी युक्ती उलगडली. झाडाला चमत्कार लागत नाही, पुरेसा उजेड लागतो. साधी पांढरी एलईडी ट्यूब वीतभर वर टांगा आणि दिवसभर चालू ठेवा, एवढंच त्यांनी सांगितलं.

शिंपीणबाई उठल्या. "सासऱ्यांच्या गोळ्या मी तुमच्या शब्दावर बंद केल्या, मास्तर. महाराजांच्या नाही."

"डॉक्टरांना गाठा, आत्ताच," मास्तर कसेबसे म्हणाले. "चूक माझी आहे. यापुढे माझ्याही शब्दावर विसंबू नका. कुणी काहीही दाखवलं, तरी आधी पडदा सारून बघा."

शेवटचं वाक्य बाईंनी ऐकलंच नाही. त्या घराकडे धावत सुटल्या होत्या.