थेंबाथेंबानं लार्गिसिमो

आमच्या हौशी वाद्यवृंदात एक प्लंबर ट्रॉम्बोन वाजवतो. गडी धिप्पाड, पण यंदा एका लांबलचक सुरानं त्याला मेटाकुटीला आणलं. तालमीत दर वेळी तो सूर संपायच्या आत त्याचा श्वास संपायचा.

मास्तर म्हणजे आमचे संचालक, गणिताचे निवृत्त शिक्षक. ते समजावत, "लेंतो म्हणजे सावकाश. लार्गो म्हणजे सावकाश आणि ऐसपैस. इथं लिहिलंय लार्गिसिमो. म्हणजे त्याच्याही पलीकडे."

"पलीकडे म्हणजे थेट वरच का, मास्तर?" प्लंबर धापा टाकत म्हणाला.

"संगीताला घाई नसते."

"संगीताला नसेल. माझ्या फुफ्फुसांना आहे!"

तरी लय दर आठवड्याला आणखी संथ होत गेली.

कार्यक्रमाला आठ दिवस उरले असताना मास्तरीणबाईंनी प्लंबरला फोन केला, स्वयंपाकघरातला नळ गळतोय म्हणून. तो गेला, तर मास्तर टेबलाशी डोळे मिटून बसलेले. नळातून थेंब पडला की हात हलवायचे.

"नळाला हात लावायचा नाही!" मास्तर ओरडले. "ठेक्याचं यंत्र बिघडल्यापासून मी यावरच लय धरतो."

"आणि मी रोज तो पिळून पिळून आवळते," बाई कपाळावर हात मारून म्हणाल्या, "जरा तरी कमी गळावा म्हणून."

प्लंबरच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मास्तरांची पाठ वळताच त्यानं पाना काढला आणि नळ दुरुस्त करण्याऐवजी किंचित सैल केला, बाईंनी कितीही पिळला तरी आवळणार नाही असा. टप, टप, टप.

कार्यक्रमात मास्तरांचा हात झरझर नसला तरी माणसात आल्यासारखा चालला. प्लंबरनं सूर शेवटपर्यंत नेला, वर श्वास शिल्लक राहिला. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला.

पण टाळ्या त्याला पचेनात. पडदा पडल्यावर मास्तरीणबाईंच्या देखत त्यानं मास्तरांपुढे सगळं कबूल केलं.

मास्तर मटकन खुर्चीत बसले. "म्हणजे नळ होता तर! मला वाटलं, लय वाढतेय म्हणजे माझं काळीजच जोरात पळायला लागलंय. घाबरून काल डॉक्टरांकडे जाऊन आलो."

"अगंबाई! मला बोलला नाहीत ते!" बाई म्हणाल्या. "काय म्हणाले डॉक्टर?"

"तब्येत ठणठणीत आहे म्हणाले. फक्त पाणी भरपूर प्या."

"मग प्या की. घरी नळाखाली दोन बादल्या काठोकाठ भरल्यात."